पळेल ते टिकेल!

स्पोर्ट्स कारचं इंजिन म्हणजे नाजूक प्रकरण, लाखभर किलोमीटर झाले की त्याचा बाजार उठलाच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. एका अमेरिकन मास्तरांनी ती पन्नास वर्षं खोटी पाडून दाखवली.

अर्व गॉर्डन हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानाचे शिक्षक. जून १९६६ मध्ये त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी१८००एस घेतली, ४,१५० डॉलरला. गाडी हातात आली आणि माणूस स्टिअरिंग सोडेना. दोन-तीन दिवसांनी पहिल्या सर्व्हिसिंगसाठी गाडी शोरूमला परत नेली, तेव्हा मीटरवर १,५०० मैल पडले होते! पुढे रोज शाळेत जाऊन-येऊन १२५ मैल आणि सुट्टीत देशभर भटकंती. १९८७ मध्ये १० लाख मैल झाले, २००२ मध्ये २० लाख आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात ३० लाख. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ४८ लाख. एवढ्यात चंद्रावर सहा वेळा जाऊन परत येता येईल. एकाच मालकाने सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. गॉर्डन २०१८ मध्ये गेले, तोवर आकडा ३२ लाख मैल ओलांडून पुढे सरकला होता.

यातली खरी गंमत इंजिनाची आहे. ते पहिल्यांदा खोललं ६,८०,००० मैलांवर, जवळपास ११ लाख किलोमीटरवर! मैलाला क्रँकशाफ्टचे अडीच हजार फेरे धरले, तर त्या पहिल्या खेपेत ती १७० कोटी वेळा फिरली. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा आणि खाली एकदा थांबतो, म्हणजे प्रत्येक पिस्टन ३४० कोटी वेळा थांबला आणि पुन्हा निघाला. मध्ये कुणी इंजिन उघडलं नाही.

त्या इंजिनात जादू कसली? काहीच नाही. बी१८ हे त्याचं नाव. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, चार सिलिंडर, १.८ लिटर, दोन कार्ब्युरेटर आणि १००च्या आसपास अश्वशक्ती. पण क्रँकला पाच ठिकाणी मेन बेअरिंगचा आधार होता, आणि त्या काळातल्या बऱ्याच चार सिलिंडरच्या इंजिनांना तीनच आधार असत. आधार वाढले की क्रँक वाकत नाही आणि बेअरिंग एकसारखी झिजतात. याच बी१८ला व्होल्वोने बोटींतही बसवलं होतं. आता बोटीचं इंजिन तासन् तास एका दमात ताणून चालवावं लागतं. तिथे जे टिकलं, ते रस्त्यावर टिकणारच.

(चित्रपटवेड्यांसाठी जाता जाता: जेम्स बाँड होण्याआधी रॉजर मूर 'द सेंट' या टीव्ही मालिकेत जी पांढरी गाडी चालवायचा, ती हीच पी१८००.)

मैल कुठले, ते आधी सांगा

गॉर्डन यांना गुपित विचारलं की ते सांगत, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय तसं वागा. ऑइल वेळच्या वेळी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. पण त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यांचे बहुतेक मैल हायवेचे होते. सकाळी इंजिन एकदा सुरू झालं की तासभर एका लयीत पळायचं. चांगलं गरम व्हायचं आणि गरमच राहायचं.

हे का महत्त्वाचं, ते बघायला इंजिनाच्या आत जरा डोकावू. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड असतो. त्याच्या खालच्या टोकाला, क्रँकभोवती, दोन अर्धगोल पट्ट्या बसवलेल्या असतात. पातळ, करड्या रंगाच्या, बोटाने दाबल्या तर किंचित वाकतील अशा. हे बिग एंड बेअरिंग. ना त्यात गोळ्या, ना रोलर. पट्टी आणि क्रँक यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते, तेवढ्यात दाबाने ऑइल येतं. क्रँक फिरायला लागली की ती ऑइलला स्वतःबरोबर ओढते, ऑइल फटीच्या अरुंद बाजूला कोंबलं जातं आणि क्रँक त्यावर चक्क तरंगते. स्फोटामागून स्फोट होत राहतात, हजारो किलोंचा मारा बसतो, तरी धातू धातूला शिवत नाही. नीट चालणाऱ्या गरम इंजिनात बेअरिंग जवळपास झिजतच नाही, ते यामुळे!

झिजतं कधी? सुरू करताना. रात्रभरात ऑइल खाली इंजिनाच्या तळाच्या पात्रात उतरलेलं असतं. चावी फिरवल्यापासून पंप दाब तयार करेपर्यंतच्या क्षणांत धातू धातूवर घासतो. म्हणून एका दमात केलेले ५०० किलोमीटर इंजिनाला जड जात नाहीत. तेच ५०० किलोमीटर दोन-दोनच्या फेऱ्यांनी केले, तर इंजिन २५० वेळा सुरू झालं.

त्यात पाण्याची भर पडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनात त्याची वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. भाजी आणायला आणि मुलांना सोडायला वापरलेल्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण कधी उघडून बघा. आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसला, तर ते पाणी आणि ऑइल यांचं मिश्रण आहे. लांबची एक फेरी मारली की बहुधा जातं.

नव्वदच्या वेगाने पिस्टन

मग स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला वेगळं काय सोसावं लागतं? वेग. होंडाने १९९९ मध्ये आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने एस२००० आणली. दोन लिटरचं साधंसं वाटणारं इंजिन, पण मिनिटाला ९,००० फेरे! त्या वेगाला पिस्टनची सरासरी चाल सेकंदाला २५ मीटर होते, तासाला ९० किलोमीटर. आणि मिनिटाला १८,००० वेळा पूर्ण थांबून उलट फिरायचं. टर्बोशिवाय लिटरमागे १२५ अश्वशक्ती काढणारं हे इंजिन होंडाने हमीसकट विकलं, आणि तीन-तीन लाख किलोमीटर चाललेल्या एस२००० आजही धावतात. सिलिंडरची भिंत साध्या लोखंडाची नव्हती. अॅल्युमिनियममध्ये कार्बनचे आणि सिरॅमिकचे तंतू मिसळून ती घडवली होती.

त्याआधी १९९० मध्ये याच कंपनीने एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड बसवले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत असं पहिल्यांदाच घडलं. रॉड हलका झाला, म्हणून बेअरिंगवरचा भार कमी झाला, म्हणून इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत बिनधास्त जाऊ लागलं. या गाडीच्या जडणघडणीत फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना याने सुझुका ट्रॅकवर ती चालवून मतं दिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून भारी वाटतं ते हे, की अमेरिकेत रोजच्या वापरातली एक एनएसएक्स ४ लाख मैलांच्या पुढे गेली. सुपरकार!

गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा इलाज तर फारच सुंदर आहे. व्हॉल्व्हची दांडी आतून पोकळ ठेवायची आणि तिच्यात थोडं सोडियम भरायचं. ९८ अंशाला सोडियम वितळतं, व्हॉल्व्हच्या उघडझापीबरोबर आत खालीवर हिंदकळतं आणि तापलेल्या डोक्याकडची उष्णता दांडीकडे वाहून नेतं. ही युक्ती विमानांच्या इंजिनांतून आली.

पोर्शे ९११ची जुनी, हवेवर थंड होणारी इंजिनं दहा लिटरहून जास्त ऑइल बाळगायची. आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये तीन-साडेतीन लिटर असतं. जास्त ऑइल म्हणजे प्रत्येक थेंबाला कमी काम आणि थंड व्हायला जास्त वेळ. शिवाय ऑइलची टाकी वेगळी, म्हणून जोरात वळण घेताना ऑइल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडण्याची भीती नाही. कॅनडात १९७६ची एक ९११ टर्बो १० लाख किलोमीटर ओलांडून गेली. कॅलिफोर्नियात १९६४ची पोर्शे ३५६ दहा लाख मैलांच्या घरात पोचली.

सैतानाची नखं

इंजिनांच्या दुनियेत मला सर्वांत जास्त जीव लावणारं इंजिन माझदाचं रोटरी. त्यात पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोलसर घरात गरगर फिरतो. हलणारे भाग अगदी मोजके, थरथर जवळपास नाही. मग हे इंजिन सर्वांत जास्त टिकायला हवं ना?

घोडं अडलं त्रिकोणाच्या टोकांशी. प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ती सतत भिंतीला घासत फिरते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माझदाच्या चाचणीत ही सीलं थरथरायची आणि आतल्या भिंतीवर लाटालाटांचे ओरखडे उमटायचे. इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ जणांचा चमू या एका प्रश्नामागे लागला. शेवटी कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवून केलेलं सील चाललं. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. टिकाऊपणावर कुणी शंका घेऊ नये म्हणून पुढच्याच वर्षी माझदाने दोन कॉस्मो जर्मनीत न्युरबर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस आणि रात्री! एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला अॅक्सल गेल्यामुळे थांबली. इंजिन दोन्हींचं शाबूत.

१९९१ मध्ये माझदा ७८७बीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. ३६२ फेऱ्या, ४,९०० किलोमीटरहून जास्त अंतर, तेही रोटरीवर. शर्यतीनंतर इंजिन खोलून पाहिलं, तर ते उत्तम स्थितीत निघालं.

पण ट्रॅक वेगळा आणि बाजारात जाणं वेगळं. २००३ मध्ये आरएक्स-८च्या रोटरी इंजिनाला जगातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम इंजिन म्हणून पुरस्कार मिळाला. काही वर्षांनी याच इंजिनासाठी कंपनीला अमेरिकेत हमी वाढवून आठ वर्षं किंवा १ लाख मैल करावी लागली, इतकी इंजिनं दाब सोडू लागली होती. बऱ्याच मालकांची चूक एकच. रोटरी इंजिन सीलांना वंगण म्हणून थोडं ऑइल मुद्दाम जाळतं, त्यामुळे अधूनमधून काडी काढून पातळी बघावीच लागते. ती बघितली नाही की सील कोरडं पडतं. आणि हे इंजिन हळू, थंड, छोट्या फेऱ्यांत चालवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. ताणून चालवा, खूश असतं.

एका शर्यतीचं आयुष्य

दुसऱ्या टोकाला फॉर्म्युला वन. २००३ पर्यंत संघ एका शनिवार-रविवारात अनेक इंजिनं खर्ची घालायचे. २००४ मध्ये नियम आला, एका शर्यतीच्या मुक्कामाला एकच इंजिन. २००५ मध्ये तेच इंजिन दोन शर्यतींना पुरवायचं झालं. आता अख्खा हंगाम मोजक्या तीन-चार इंजिनांत काढावा लागतो. या इंजिनांतल्या फटी इतक्या बारीक असतात की ती थंडपणी सुरूच करता येत नाहीत. आधी बाहेरून गरम पाणी आणि गरम ऑइल फिरवून सगळा धातू फुगवून घ्यावा लागतो.

१९८०च्या दशकातलं बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन हा तर कळसच. दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, आणि पात्रता फेरीत हजाराहून जास्त अश्वशक्ती. तेवढ्या दाबाने ते काही फेऱ्यांतच संपायचं. पण त्याचा ब्लॉक? तो साध्या बीएमडब्ल्यू मोटारीच्या इंजिनाचा, ओतीव लोखंडाचा. पॉल रोशे या इंजिनतज्ज्ञाने त्यासाठी लाखभर किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे जुने ब्लॉक निवडले. कारण असं, की ओतकामानंतर लोखंडात ताण अडकून राहतो. वर्षानुवर्षं तापून आणि निवून तो ताण सुटतो आणि मग ब्लॉकचा आकार बदलत नाही. १९८३ मध्ये नेल्सन पिके याच इंजिनावर जगज्जेता झाला. वापरलेल्या लोखंडाची किंमत एवढी कुणी केली नसेल!

याच रोशेंनी पुढे मॅकलारेन एफ१ या रस्त्यावरच्या सुपरकारचं व्ही१२ इंजिन केलं. त्या इंजिनावर १९९५ मध्ये मॅकलारेनने ल माँ जिंकलं. विशेष हे, की नियमांमुळे हवेचा मार्ग आवळलेला असल्याने शर्यतीतल्या गाडीची ताकद रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी होती.

उसनं इंजिन, लांब आयुष्य

काही स्पोर्ट्स कार दीर्घायुषी असतात कारण त्यांचं इंजिन मुळात घरगुती मोटारीचं असतं. लोटस एव्होराच्या पाठीत टोयोटा कॅमरीचं ३.५ लिटर व्ही६ बसलंय. माझदा एमएक्स-५ १९८९ मध्ये आली ती साध्या ३२३ हॅचबॅकच्या इंजिनघराण्यातलं १.६ लिटर घेऊन, आणि दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये विक्रीचा जागतिक विक्रम करून बसली. टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं २जेझेड तर दंतकथाच झालंय. लोखंडी ब्लॉक, सात मेन बेअरिंग. कंपनीने जपानी संकेताप्रमाणे कागदावर २८० अश्वशक्ती दाखवली, आणि हौशी लोकांनी आतला एकही मुख्य भाग न बदलता दुप्पट काढली. जेवढी राखीव ताकद, तेवढं साध्या वापरात आयुष्य लांब.

याउलट फेरारी टेस्टारोसा आणि ३५५. त्यांचा टायमिंग बेल्ट दर तीन-पाच वर्षांनी बदलायचा, गाडी चालो वा न चालो. आणि त्यासाठी आख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं इंजिन कामातून जातं. मीटरवर ५,००० किलोमीटर असूनही बेल्टचं रबर वयाने कडक होतंच.

कधी दोष कारखान्यातच असतो. २०१४ मध्ये पोर्शेने नव्या ९११ जीटी३च्या विकलेल्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली, कारण कनेक्टिंग रॉडचा एक स्क्रू सैल होत होता. एवढ्याशा स्क्रूपायी ७८५ इंजिनं!

घेण्याआधी

मुंबई, पुणे, गोव्यात आता जुन्या स्पोर्ट्स कार बऱ्याच विकायला येतात, आणि जाहिरातीत पहिली ओळ असते ती 'फक्त ८,००० किलोमीटर' अशी. दहा वर्षांत ८,०००! मला अशा गाडीची भीती वाटते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वर्षाचे चार पावसाळी महिने झाकून ठेवलेलं इंजिन आतून गंजू शकतं, ऑइल सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चोंदतात. दरवर्षी १० हजार चाललेली, सगळ्या पावत्या जपलेली गाडी मी कधीही आधी निवडेन.

तुम्हाला घ्यायचीच असेल तर मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच थंड आहे ना ते बघा, मग ते स्वतः सुरू करा आणि पहिली दहा सेकंदं कान देऊन ऐका. खालून ठक-ठक आली, तर बेअरिंग बोलतंय. सायलेन्सरमधून निळा धूर आला, तर ऑइल जळतंय. ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखांसकट मागा, बेल्ट असेल तर तो कधी बदलला ते लेखी घ्या. मीटरवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आणि गाडी घेतलीत, तर कृपा करून चालवा. आठवड्यातून एकदा तरी तासभर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत.